व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, मुबीन

मुबीन, तुझी बॅग आली. गल्फमध्ये तुझ्या खोलीत राहणारा म्हसळ्याचा एक जण सुट्टीवर आला, त्याने आणली. तुझ्या घरी जायचा त्याला धीर होईना, म्हणून बोर्लीला स्टँडसमोर माझ्या दुकानात ठेवली, पाणीसुद्धा अर्धंच प्यायला आणि मिळेल त्या रिक्षाने निघून गेला. मग मीच ती उचलून मोहल्ल्यात नेली. वीस वर्षांत तुझ्या किती बॅगा उचलल्या असतील मी. येताना दुधाची पावडर, ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या. जाताना सुका जवळा आणि तुझ्या आईने, खालाने कुटलेला मसाला. माझा खांदा निखळायची वेळ यायची आणि तू मागून हात हलवत यायचास, वर म्हणायचास, वश्या, चल लवकर. या वेळी बॅग एका हाताने उचलली गेली.

तुला तिकडेच दफन केलं. इकडे आणायचं तर तुझ्या अरब मालकाची, कफीलाची सही, दूतावासाचा कागद, आणखी कसले कसले कागद, आठवडे गेले असते. शाहीन भाभी म्हणाली, त्यांना आता ताटकळत ठेवू नका. तिच्या संमतीचं पत्र मीच टाइप केलं. दोन ओळींचं पत्र, मला तासभर लागला. परवा तुझा चाळिसावाही झाला. मशिदीबाहेर जो तो म्हणत होता, नसीब. तुला सांगतो, हल्ली हा शब्द कानावर आला की माझं डोकं उठतं. नसीब कसलं डोंबलाचं. व्हिसाच्या कागदावर लिहिलेला एक शब्द होता तो, आणि तो पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा मी तिथे ओटीवर बसून सांदण खात होतो.

आयटीआयला आपण दोघांनी वेल्डरचा ट्रेड घेतला तो तुला हवा होता म्हणून. मला फिटरला नंबर लागला नाही म्हणून. पहाटेच्या एसटीने माणगावला जायचं आणि संध्याकाळी वाळू गेल्यासारखे डोळे चोळत परत यायचं. मी घरी आलो की डोळ्यांवर काकडी ठेवून पडायचो. तू शेजारच्यांचा तुटलेला नांगर, कुणाच्या होडीचं कडं, काय मिळेल ते जोडत बसायचास. आपले सर एकदा म्हणाले होते, याच्या हाताला घाई नाही. माझ्या हाताबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि तेही बरोबरच होतं.

मुंबईची ती परीक्षा तुला आठवत असेलच. गल्फच्या एका कंपनीची माणसं वेल्डर निवडायला आली होती. पाइप तिरका बांधलेला. चहूबाजूंनी फिरून, शेवटी उताणं पडून जोड भरायचा, मग त्या जोडाचा एक्स-रे काढायचे. माझ्या जोडात हवा राहिली होती. फिल्मवर काळे ठिपके, तव्यावरच्या भाकरीला पडतात तसे. तुझी फिल्म साहेबाने खिडकीशी धरली, उलटी करून धरली, पुन्हा सुलटी केली आणि तुला विचारलं, किती वर्षं काम करतोस. तू म्हणालास, आठ महिने. तिथेच निवड झाली. कंपनीचा व्हिसा, कागदावर धंदा वेल्डर, फक्त तीन-चार महिने थांबायचं होतं. तू साहेबाकडून ती फिल्म मागून घेतलीस आणि परतीच्या गाडीत मांडीवर ठेवून बसलास. मी वडखळपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं मला गाडी लागलीय.

तीन आठवडे झाले नसतील, तोवर तुझ्या मामूंनी व्हिसा पाठवला. तुमच्याकडे भाचा हाताशी आला की मामाने त्याला व्हिसा द्यायचा, आमच्याकडे मामा भाचीला दागिना घालतो तसं. मामूंनी कित्येक वर्षं एका अरबाच्या शेतावर काढलेली, त्याच्याकडे शब्द टाकून भाच्यासाठी एक कागद मिळवलेला. तो नको म्हणायचं म्हणजे आईच्या माहेराला नको म्हणायचं. खालाने सांदणं केली, मोहल्लाभर वाटली, माझ्या घरीही ताट आलं. कागद अरबीत होता, म्हणून मौलानांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, जरा थांबले आणि म्हणाले, धंदा लिहिलाय शेळ्यामेंढ्या राखणं. सगळे हसले. तूही हसलास, आणि तू तर ईदचा बोकडसुद्धा लांबून बघणारा. मौलाना म्हणाले, हसू नका, पैगंबरांनीही बकऱ्या राखल्या आहेत.

मामूंचं फोनवर एकच म्हणणं. व्हिसा म्हणजे आत शिरायला पाहिजे तेवढाच. एकदा आत गेलं की ज्याने त्याने आपलं काम बघावं. त्यात त्यांची काही चूक नाही, सगळ्यांनी तसंच केलं होतं. कुणी कागदावर माळी आणि चालवायचा क्रेन. कुणी कागदावर आचारी आणि करायचा वायरिंग. व्हिसा आला एवढं बघायचं, त्याच्यावर काय लिहिलंय ते बघणं म्हणजे आहेराची किंमत विचारण्यासारखं.

पण तू विचारलंस. घरात नाही, मागे विहिरीवर, मला एकट्याला. म्हणालास, "वश्या, कंपनीच्या व्हिसाला थांबू काय? तू काय बोलतोस?"

आणि मी म्हणालो, "कागदावर काय लिव्हलंय ते कोण वाचतंय? जा बिनधास्त."

त्यानंतर दोन वर्षांनी मी बोर्लीत झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान टाकलं. तेव्हापासून आजपर्यंत लोकांच्या कागदावर काय लिहिलंय तेच वाचून मी पोट भरतोय. तू मला कागदी वेल्डर म्हणायचास. रागाने नाही म्हणायचास, पण मला लागायचं.

तुझा कफील, म्हणजे तो अरब मालक ज्याच्या नावावर तू त्या देशात होतास, तो माणूस वाईट नव्हता. त्याने तुला बाहेर काम करायची मुभा दिली. तू पाइपलाइनवर लागलास. तिथे रीत अशी की ज्याने जोड केला त्याचा नंबर जोडाशेजारी पाइपवर लिहायचा, उद्या गळती झाली तर कुणी केलं ते कळावं म्हणून. मेंढपाळाच्या नावावर वेल्डरचा नंबर कुठून निघणार? मग ठेकेदाराने तुला जोसेफचा नंबर दिला. जोसेफ म्हणून कुणी वेल्डर होता, कागद चोख असलेला, तो काम सोडून आपल्या गावी गेला होता आणि त्याचं कार्ड मागे राहिलं होतं. तू सुट्टीवर आलास की टेचात सांगायचास, जोसेफचा एकपण जोड फेल न्हाय. जोसेफनंतर आणखी दोघांच्या नंबरांवर काम केलंस. तो जोसेफ आज कुठेतरी नातवंडं खेळवत असेल आणि आपण किती नामांकित वेल्डर होतो याचा त्याला पत्ता नसेल.

तुझं नाव नसलं तरी जो जोड तुझाच आहे हे मला ठाऊक आहे, असा एकच. माझ्या दुकानाची जाळी. दुसऱ्या सुट्टीत आलास, लुंगी वर खोचलीस, म्हसळ्याहून भाड्याने मशीन आणलंस आणि दोन दिवसांत ती करून दिलीस. मी म्हणालो, अरे, सुट्टीत तरी बस गप. तू म्हणालास, सुट्टीतच तर माझ्या नावावर काम करता येतं. इथली खारी हवा काय करते तुला माहीत आहे. शटर दोनदा बदललं. जाळी तशीच आहे, एका जोडालाही गंज चढलेला नाही. लोक तिच्यातून हात घालून मला आधार कार्ड देतात. दुकान चालेना तेव्हा मी ते बंद करायला निघालो होतो, तेव्हा तिकडून फोन करून मला यथेच्छ शिव्या घातल्यास, तेही आठवतं. मी आज उभा आहे तो त्या शिव्यांमुळे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मला चार दिवस पिडलं असतंस.

मग गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं निघालं. तुझा जुना सुपरवायझर तिकडे गेलेला, त्याने तिथल्या मालकाला फोनवर तुझ्या जोडांचे फोटो दाखवले. मालक स्पॉन्सर करायला तयार झाला. आपल्या भागातल्या कुणालाच असा व्हिसा माहीत नव्हता, ज्यात बायको आणि मुलगी सोबत नेता येते आणि कागदावर तुम्ही जे आहात तेच लिहिलेलं असतं. तू त्रेचाळीसचा, सगळं पंचेचाळिशीच्या आत व्हायला हवं होतं. दोन महिन्यांची सुट्टी तू माझ्या दुकानात काढलीस. इंग्रजीची परीक्षा होती, तोंडी आणि लेखी. मी परीक्षक व्हायचो. पुस्तकातला प्रश्न होता, तुमच्या आवडत्या बागेचं वर्णन करा. तू चिडलास. म्हणालास, बागेत माझं काय काम? मग जरा वेळाने आपणहून सुरू झालास, इंग्रजीत, तुमच्या नारळीपोफळीच्या वाडीबद्दल. पाटाचं पाणी कसं फिरवतात, सुपारी सोलताना बायका काय बोलतात. दोन मिनिटं बोलायचं असतं, तू किती वेळ बोललास देव जाणे. मी घड्याळ बघायचंच विसरलो. त्या परीक्षेत तू पास झालास. मला वाटलं, जमलं.

पण तुझं कसब तिकडच्या सरकारी लोकांना आधी कागदावर बघायचं होतं. कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, किती वर्षं, पगाराच्या पावत्या कुठे. ज्या ज्या कंपनीची पाइपलाइन तू जोडली होतीस तिला आपण ईमेल केले. एकीचं उत्तर आलं, या नावाचा वेल्डर आमच्याकडे कधीच नव्हता. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. पत्र दिलं ते फक्त कफीलाने. मागितल्याबरोबर, शिक्का मारून, मायेने. हा अत्यंत प्रामाणिक इसम असून याने वीस वर्षं माझ्या जनावरांची उत्तम निगा राखली. आपण दोघं हसलो ते वाचून. मग तू हसायचा थांबलास आणि मी एकटाच थोडा वेळ हसत राहिलो.

पुढच्या बुधवारी दुपारी तू आलास. शटर अर्धं खाली केलंस आणि माझ्यासमोर एका कंपनीचं कोरं लेटरहेड ठेवलंस, कुणाकडून तरी स्कॅन करून आणलेलं. म्हणालास, एवढं टाइप करून दे. मुबीन इतकी वर्षं आमच्याकडे वेल्डर होता, बस. मी नाही म्हणालो. मी तुला सगळं समजावून सांगितलं, ते तपासतात, फोन करतात, खोटं सापडलं की अर्ज तर जातोच, पुढची दारंही बंद होतात, माझ्या दुकानाला टाळं लागेल ते वेगळं. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

मग म्हणालास, "खोटं काय हाय त्यात? मी वेल्डर न्हाय काय?"

मी म्हणालो, "तू हायस. तुझा कागद न्हाय."

"मग कागदालाच पाठव तिकडं," असं म्हणून तू ते लेटरहेड उचललंस, चार घड्या घातल्यास आणि शटर वर करून निघून गेलास.

दुसरीकडे का नाही गेलास रे? म्हसळ्यात, श्रीवर्धनात कुणीही पाच मिनिटांत करून दिलं असतं. तू कुणाकडेच गेला नाहीस. मी नंतर चौकशी केली होती. आता वाटतं, तुला ते पत्र नकोच होतं, मी हो म्हणालेलं ऐकायचं होतं. तसं नसेलही. विचारायला तू नाहीस आणि आपण दोघंही असे गाढव की होतास तेव्हा विचारलं नाही.

त्या खेपेला तुझी बॅग मी उचलली नाही. तू तोच जुना व्हिसा पुन्हा वाढवून परत गेलास. दर शुक्रवारी नमाजनंतर तुझा फोन यायचा, तो बंद झाला. मीही केला नाही. एकदा एक फोटो आला, जोडाचा, नेहमी पाठवायचास तसा. खाली काही लिहिलेलं नव्हतं. चांगला जोड होता. मी बघितला आणि फोन खिशात टाकला. सात आठवड्यांनी बातमी आली, दुपारी पाइपलाइनवर छातीत कळ आली आणि तू तिथेच बसलास. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. त्यालाही कागदाचा आधार होता. मेंढपाळाचं पाइपलाइनवर काय काम? मृत्यूच्या दाखल्यावर तेच लिहिलंय, धंदा मेंढपाळ.

आता एक सांगतो आणि मग संपवतो. त्या दिवशी विहिरीवर तू मला विचारलंस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझी ती फिल्म होती. स्वच्छ, एक ठिपका नसलेली. आणि माझी. कंपनीच्या व्हिसाला थांब, असं सांगायला मला कुणी अडवलं होतं? तीन महिन्यांचा तर प्रश्न होता. मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो की मी मित्र म्हणून बोललो, तुझ्या घरात बखेडा नको म्हणून बोललो. थोडं तेही होतं. पण तू वेल्डर म्हणून जाणार आणि मी नाही, हेही मला बघवत नव्हतं. मेंढपाळ ऐकून ओटीवर सगळे हसले तेव्हा सगळ्यात जास्त मी हसलो होतो. मला माफ कर असं म्हणणार नाही. माफ करायला माणूस समोर लागतो.

काल दुपारी भाभी आणि तुझी झोया दुकानात आल्या. कफीलाने तुझ्या हक्काचं जे काही निघेल ते द्यायचं कबूल केलंय, त्यासाठी फॉर्म पाठवलाय. त्यातली प्रत्येक गोष्ट मृत्यूच्या दाखल्याशी जुळली पाहिजे, नाहीतर फॉर्म परत. मी भरायला घेतला. भाभीने पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. तुझ्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी सापडलं म्हणाली. आत ती फिल्म होती. वीस वर्षं तू ती घेऊन फिरत होतास, लेका.

भाभीने विचारलं, "हा ह्यांच्या छातीचा एक्स-रे हाय काय, वसंतभाय? आधीपासून दुखत व्हतं आन् मला सांगितलं न्हाय?"

मी म्हणालो, छातीचा नाही, लोखंडाचा आहे, त्यांनी जोडलेल्या पाइपचा. तिला पटेना. ती फिल्म घेऊन जाळीपाशी गेली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, यात खोट कुठं हाय? मी म्हणालो, नाही भाभी, कुठेच नाही. तिने ती परत पाकिटात घातली आणि पदराखाली धरली.

फॉर्म इंग्रजीत होता. नाव, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर सगळं भरलं आणि पेन त्या रकान्यापाशी आलं. वीस वर्षांपूर्वी तुझा पहिला फॉर्मसुद्धा मीच भरला होता, तेव्हा हा शब्द लिहिताना मजा वाटली होती. काल मी तोच शब्द तसाच मोठ्या अक्षरांत लिहिला. मेंढपाळ. झोया माझ्या खांद्याशी उभी होती. तिला इंग्रजी वाचता येतं. तिने वाचलं.

भाभी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने विचारलं, "धंदा काय लिव्हलात ह्यांचा?"

मी म्हणालो, "वेल्डर."

भाभीने झोयाकडे बघितलं. झोया फॉर्मवरून नजर न काढता म्हणाली, "व्हय अम्मी. वेल्डर."

भाभीने मान हलवली, पेन घेतलं आणि सावकाश, उर्दूत सही केली. मी फॉर्म पाकिटात घातला. त्या दोघी गेल्यावर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी जाळीपाशी जाऊन उभा राहिलो.

खोटं काय हाय त्यात, असं तू विचारलं होतंस. काही नव्हतं, मुबीन. मी टाइप करून द्यायला हवं होतं.